साडेचारचा फरक

माणसाची उन्नती शरीराच्या नेमक्या कुठल्या भागापासून सुरू होते, याबद्दल जाणकारांत एकवाक्यता नाही. योगी मंडळी पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाकडे बोट दाखवतात. आमच्या वेळचे मास्तर कानाकडे दाखवत, आणि नुसतं दाखवून थांबत नसत. व्यक्तिमत्त्वविकासाच्या शिबिराला तीन हजार रुपये भरून जाऊन आलेला आमच्या बँकेतला एक सहकारी छातीवर मूठ आपटून 'इथून! इथून!' असं सांगत असतो. माझी उन्नती पोटऱ्यांपासून सुरू झाली. पुढे ती किती वर चढली आणि कुठे अडकली, ते सांगायचं आहे.

त्याचं झालं असं, की डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला, चष्मा काढून पुसला, आणि "साखर बॉर्डरवर आहे" असं सांगितलं. सीमेवर जवान असावेत, साखर असू नये, एवढं मला वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही कळतं. डॉक्टरांनी तीन पर्याय दिले. चालणं, पोहणं किंवा सायकल. चालायला निघालं की सोसायटीतले सेवानिवृत्त गृहस्थ मला गाठतात आणि फिक्स्ड डिपॉझिटचे दर विचारतात. पोहायला मला येत नाही. राहता राहिली सायकल, आणि ती घरात होती.

चिरंजीवांनी नववीत असताना दोन दिवस अन्नसत्याग्रह करून ती मिळवली होती. डोंगरावर चालवायची, जाड टायरांची, एकवीस गिअरची. एकवीस हा आकडा तोवर आमच्या घरात फक्त मोदक आणि दूर्वा यांच्या संदर्भातच यायचा. दोन महिने ती वापरून चिरंजीवांचं मन मोबाईलकडे वळलं, आणि तेव्हापासून सायकल गॅलरीत उभी राहून दोन टॉवेल, एक परकर आणि माझे बनियन समर्थपणे वाळवत होती. मी ती मागितली तेव्हा चिरंजीव "घ्या" म्हणाले. आमची ही मात्र म्हणाली, "आणि कपडे कुठे वाळत घालू?"

पुणं हे एके काळी सायकलींचं शहर होतं हे आता पुण्यात सांगावं लागतं. मी स्वतः शाळेत सायकलने गेलेला माणूस. पण ती सायकल म्हणजे वाहन होतं, साधना नव्हती. तिच्यावर बसताना कुणी आपण अंतर्मुख झालोय असं म्हणत नसे. चेन सुटली तर हात काळे व्हायचे, आत्मा उजळायचा नाही. आताची गोष्ट निराळी. दुकानातल्या पोराने मला सीटची उंची, हेल्मेटचा पट्टा आणि आतून गादी लावलेली तंग चड्डी यांचं महत्त्व सांगितलं. ती चड्डी घालून मी पहिल्यांदा बाहेरच्या खोलीत आलो तेव्हा आमची ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिफ्टने जा. जिन्यात माणसं असतात."

पहिल्या रविवारी वेताळ टेकडी. सायकल मी चढवली नाही, ढकलली. दुसऱ्या रविवारी निम्मी ढकलली. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे, पाय न टेकता वर पोचलो आणि खाली पसरलेल्या धुरकट पुण्याकडे बघताना माझ्या मनात असा विचार आला की आपण आता पूर्वीचे राहिलो नाही. इथेच घात झाला. साखर उतरत होती, वजन चार किलो उतरलं होतं, तेवढ्यावर समाधान मानायचं. पण माझा असा ग्रह झाला की आतून काहीतरी वर चढतंय.

त्याला पुरावेही मिळत गेले. केवायसीचा कागद तिसऱ्यांदा विसरून आलेल्या ग्राहकाशी मी शांतपणे बोललो. सर्व्हर डाऊन झाला तर पूर्वी माझा रक्तदाब वर जायचा. आता मी डोळे मिटून बोपदेव घाटातलं शेवटचं वळण आठवायचो. (रांगेतल्या लोकांना मी झोपलो असं वाटायचं, तो भाग वेगळा.) २०२४ सालच्या करारात आम्हा कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं भारदस्त नाव मिळालं, तेव्हा सगळी शाखा त्याची टिंगल करत होती. मी मात्र म्हणालो, "नाव बदलून काय होतं? माणूस बदलला पाहिजे." हे वाक्य ऐकून आमचे मॅनेजरसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. हेडकॅशियरही बघत राहिले, पण निराळ्या नजरेने.

हेडकॅशियर हे निवृत्तीला आलेले, पानाची चंची बाळगणारे आणि कुठल्याही उदात्त गोष्टीला खालून टाचणी लावणारे गृहस्थ. ते म्हणाले, "चढ चढून प्राणी सुधारत असता, तर शेळ्या एव्हाना संत झाल्या असत्या."

मी हसण्यावारी नेलं, पण टाचणी टोचली होती. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या रोज पहाटे चढणारे एक गृहस्थ आमच्या सोसायटीत आहेत. तीस वर्षं चढताहेत. छाती लोहाराच्या भात्यासारखी झालीय, आणि त्याच छातीच्या जोरावर ते पार्किंगवरून वॉचमनला अजूनही तसेच ओरडतात. उलट पूर्वी मध्ये दम घ्यायला थांबायचे, ते आता थांबत नाहीत. म्हणजे व्यायामाने माणसात जे असतं ते जास्त वेळ टिकतं, एवढंच का? दुसरीकडे, आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढते तेव्हा मी एकदा कडेला उभा होतो. डोक्यावर तुळस घेतलेली सत्तरीची म्हातारी माझ्यासमोरून वर गेली. मी नंतर तोच घाट सायकलने चढलो आणि त्यावर चारशे शब्दांचा मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. ती म्हातारी वर पोचल्यावर पिशवीतून भाकरी काढून खायला बसली असेल.

आणि हा डोंगरी सायकलींचा खेळ ज्यांनी सुरू केला त्यांचं तरी काय? सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन म्हणून परगणा आहे, तिथे फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावरून २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही केस वाढवलेल्या तरुणांनी जुन्यापुराण्या, बोजड सायकली खाली सोडल्या. त्या सायकलींना उलटं पेडल मारून लावायचा ब्रेक होता. उतारावर तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर चाकाच्या तुंब्यात नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. म्हणजे नाव पडलं ते ग्रीसवरून. त्या शर्यतीतला जो ब्रीझ याने पुढल्या वर्षी खास या कामासाठी सायकल बनवली, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकलींचं दुकान काढलं, १९९० साली पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला. पण मुळात ती पोरं डोंगरावर गेली ती मजा करायला. आत्मोन्नती हे कलम त्यात आमच्यासारख्या, पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभं राहून आयुष्याचा ताळेबंद मांडणाऱ्या लोकांनी नंतर घुसडलं असणार.

असं सगळं कळत असूनही मी शर्यतीत नाव दिलं.

जानेवारीतला रविवार, सासवडच्या पलीकडचं एक गाव, बावीस किलोमीटरचा डोंगरी मार्ग. पंचेचाळीसच्या वरच्या गटाला 'मास्टर्स' म्हणतात हे फॉर्मवर वाचून मी दचकलो. म्हटलं, आपण तर नुसते बी.कॉम. मास्टर्समध्ये आम्ही सहा जण उतरलो होतो. दोघे आयटीतले, ज्यांच्या सायकलींच्या किमतीत माझी फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्सची दहा वर्षं गेली असती. दोघे डॉक्टर. एक मी. आणि सहावे त्याच गावचे एक दूधवाले. वय अठ्ठावन्न, पायजम्याच्या उजव्या पायाला रबरबँड, डोक्यावर आयोजकांनी दिलेलं उसनं हेल्मेट टोपीवरूनच चढवलेलं. सायकल साधी, मागे कॅनच्या कड्या तशाच. मार्ग त्यांच्या शेताच्या बांधावरून जात होता म्हणून गावकऱ्यांना फी माफ होती.

पहिले सहा-सात किलोमीटर मी माझ्या उन्नतीच्या तंद्रीत काढले. मग एक मुरमाड चढ लागला. वाट वीतभर, एका अंगाला घाणेरीची जाळी, दुसऱ्या अंगाला खोल ओघळ. ऐन चढावर, पूर्ण जोर देत असताना मी गिअर बदलला. असं करू नये, हे मला आता माहीत आहे. कडकन आवाज झाला, पाय हवेत फिरले आणि मी सायकलीसकट आडवा झालो. चेन तुटून मागे सापाच्या कातीसारखी पडली होती.

मागून दूधवाले आले. "चेन तुटली व्हय सायेब? लागलं न्हाई न्हवं?"

माझ्याकडे चेन जोडायचं हत्यार होतं. साडेआठशे रुपयांचं. ते कसं वापरायचं याची चित्रफीत मी दोनदा पाहिली होती, आणि दोन्ही वेळा मध्येच कुणाचा तरी फोन आला होता. दूधवाल्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, "बेस हाय" म्हणाले, आणि मांडी घालून बसले. मोडकी कडी जोडीसकट काढली, पिन बेताने आत दाबली, अंगठ्याने कडी मागे-पुढे वाकवून मोकळी केली, चेन ओवली. दहा-बारा मिनिटं सहज गेली. तेवढ्यात वरून खाली बघितलं तर आमच्या मागे कुणीच उरलं नव्हतं. उठताना म्हणाले, "चेन आता तोकडी झालीया. फुडं मोठं चाक आन्‌ मागं बी मोठा दात, आसं एकदम टाकू नगा. वढून तुटंल." आणि पायजमा झटकून पुढे निघून गेले.

मी त्यांच्या पाठमोऱ्या हेल्मेटकडे बघत राहिलो आणि मनाशी म्हणालो, याला म्हणतात माणूस. स्वतःची शर्यत सोडून परक्यासाठी बसला. संध्याकाळी ग्रुपवर टाकायचा मजकूरही जुळायला लागला.

पुढे दोन किलोमीटरवर फाटा आला. इथे मला सावकाश लिहिलं पाहिजे.

डावीकडची वाट वर चढून एका पाझर तलावाला वळसा घालत होती. उजवीकडची सरळ उतारावरून गावाकडे. मार्ग दाखवायला आयोजकांनी पिवळ्या फिती बांधल्या होत्या, आणि डावीकडची फीत तुटून खाली पडलेली होती. निम्मी एका शेळीच्या तोंडात होती. हेडकॅशियरांना संत न वाटणारी हीच ती जात. शेळ्यांमागचं पोरगं दगडावर बसून डावीकडे हात करून म्हणालं, "समदी तिकडनं गेली." मी ते ऐकलं. ऐकलं असं मी आज म्हणतो. त्या क्षणी माझ्या मनात जे चाललं होतं ते असं: फीत जमिनीवर आहे, म्हणजे नक्की काही सांगता येत नाही, पोरगं लहान आहे, 'समदी' म्हणजे शेळ्याही असतील, आणि नकाशा नीट पाहायला थांबलो तर लय बिघडेल. हे चारही विचार मिळून एक सेकंदही लागला नाही. मांड्या पेटल्या होत्या, चेनचा भरवसा नव्हता, डावीकडे चढ होता. मी उजवीकडे वळलो.

मी लबाडी केली का? त्या वेळी विचारलं असतं तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं, आणि शपथ खोटी ठरली नसती. बँकेत चोवीस वर्षं काढल्यावर मला या प्रकाराची ओळख असायला हवी होती. चेकवरची सही ताडायची असते. ओळखीचा माणूस समोर उभा असला की आपण सही पाहत नाही, पाहिल्यासारखं करतो. डोळे कागदावर असतात, पण नजर त्यात नसते. पुढे काही निघालं तर 'माझ्या लक्षात आलं नाही' असं म्हणायची सोय आपण आधीच करून ठेवलेली असते. ठरवून खोटं बोलायला निदान धैर्य लागतं. हे न पाहणं फुकट जमतं, आणि चांगल्या घरच्या माणसांना जास्त चांगलं जमतं.

मी खाली पोचलो तर टाळ्या. दोघे डॉक्टर बाभळीच्या काट्यांनी चाकं बसून परत फिरले होते. आयटीतले दोघे कधीच पोचून केळी खात होते. म्हणजे मी तिसरा! वीस-पंचवीस मिनिटांनी दूधवाले आले, गुडघ्यापर्यंत लालसर चिखलात. आता साधा हिशेब आहे. जो माझ्या पुढे निघून गेला आणि ज्याला मी ओलांडलं नाही, तो माझ्या मागून येतो कसा? हा प्रश्न मला पडला. आणि मी त्याचं उत्तर काय दिलं सांगू? मी मनाशी म्हटलं, वाटेत त्यांचा गोठा आहे, म्हैस पिळायला थांबले असतील.

गळ्यात पदक पडलं, हातात दोन हजारांचं पाकीट आलं, पोरांबरोबर फोटो झाले. दूधवाले समोर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

रात्री मोबाईलवर अंतर पाहिलं. साडेसतरा किलोमीटर. हवं होतं बावीस. फरक साडेचारचा. आमच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: जमाखर्चातल्या फरकाला नवाने भाग गेला तर समजावं की लिहिताना कुठेतरी आकड्यांची उलटापालट झालीय, चोवीसचे बेचाळीस झालेत. साडेचार हजार मीटरला नवाने चोख भाग जातो, पाचशे वेळा. मला कोण आनंद झाला! म्हटलं, यंत्राचीच काहीतरी उलटापालट. डोंगरात रेंज नसते. सुखाने झोपलो.

सोमवारी शाखेत बटाटेवडे आणि जिलबी वाटली. बक्षीस दोन हजार, बिल सव्वीसशे. आमच्या हिने दिवाणखान्यात खिळा ठोकून पदक टांगलं आणि मेहुणीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

पुढे आठवडाभर मला एकच गोष्ट सतावत होती, आणि ती अगदी धंद्यातली होती. आमच्याकडे दिवसअखेर कॅश कमी भरली तर कॅशियरने खिशातून घालायची असते, त्याचं दुःख सगळ्यांना कळतं. पण जादा भरली तर? नव्या पोरांना वाटतं, बरं झालं. जुनी माणसं जास्त घाबरतात. कारण जादा आलेली कॅश आभाळातून पडत नाही. काउंटरच्या पलीकडचा कुणीतरी तेवढी कमी घेऊन घरी गेलेला असतो. ती खिशात घालायची नाही, उद्याच्या तुटीसाठी ठेवायची नाही. त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जमा करायची आणि माणूस शोधायचा. मला तर माणूस शोधायचीही गरज नव्हती. तो चिखलाच्या पायांनी टाळ्या वाजवत होता.

तरी मी गप्प राहिलो असतो. खरं सांगतो, राहिलो असतो. पण मॅनेजरसाहेबांनी सकाळच्या मीटिंगमध्ये मला पाच मिनिटं बोलायला उभं केलं. विषय 'सायकलने मला काय दिलं'. मी चांगला तयारी करून आलो होतो. शिस्त झाली, संयम झाला, दूधवाल्यांच्या निःस्वार्थ मदतीचा प्रसंग झाला; कॅशमधल्या बाईंनी डोळे पुसले. मग मी पाठ केलेलं वाक्य म्हणालो, "मित्रहो, डोंगराचं एक असतं. डोंगर तुम्हाला फसवू देत नाही."

आणि पुढचं वाक्य येईना. चार-पाच सेकंद गेली असतील. सगळ्यांना वाटलं मला गहिवरून आलंय. टाळ्या पडल्या. हेडकॅशियर तेवढे टाळ्या न वाजवता चंची उघडून बसले होते. नंतर चहाच्या वेळी म्हणाले, "किती निघतेय?"

"काय किती?"

"जादा."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरत ऐकलं. "मग रिव्हर्स करा की," म्हणाले.

आयोजकांना फोन लावला. पलीकडे एक हसरा मुलगा. "काका, चिल! तळ्याच्या पॉइंटवर आमचा माणूस नाश्त्याला गेला होता, कुणाकुणाचं काय झालं काय माहीत. रिझल्ट अपलोड झालाय. आणि फन इव्हेंट आहे ना!" मी म्हटलं, माझं नाव काढा. तो म्हणाला, "काढायचा ऑप्शनच नाहीये." चुकीची नोंद उलटवता येत नाही अशी व्यवस्था मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

घरी सांगितलं तेव्हा आमची ही थोडा वेळ पदकाकडे, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पदक काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "भिंतीला भोक राहिलं ते राहिलंच." पाकीट तर वड्यांत गेलेलं. मी एटीएममधून दोन हजार काढले आणि तिसऱ्या रविवारी सायकलने, दिवे घाटमार्गे, ते गाव गाठलं. दूध संकलन केंद्रावर 'शर्यतीतले' एवढं विचारल्यावर घर सापडलं.

दूधवाले गोठ्यात होते. मी उभ्याउभ्याच पाठ केल्यासारखं सगळं म्हणून टाकलं: फाटा, फीत, शेळी, पोरगं, उजवीकडचा उतार. त्यांनी शेणाचा हात पाण्यात बुडवून धुतला.

"ठावं हाय की," म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमच्या चाकाला चिकूल कुठं हुता? तळ्याकडनं आल्याला मानूस कोरडा कसा यील?"

माझे कान तापले. "मग तुम्ही तिथे बोलला का नाहीत?"

"तुमी पोरासंगट फोटू काढत हुता. आन्‌ जेवनाची पंगत बसाय लागली हुती."

मग मी निदान दुसरी बाजू सावरून घ्यावी म्हणून म्हणालो, की तुम्ही माझ्यासाठी शर्यत सोडून थांबलात, त्याचा मला जास्त संकोच वाटतोय. असं मन आजकाल कुणाचं असतं? दूधवाले माझ्याकडे प्रामाणिक आश्चर्याने बघायला लागले. "सायेब, तुमी वाटंत आडवं पडला हुता. एका अंगाला काटं, एका अंगाला वगळ. तुमाला उठिवल्याबिगर मला फुडं जाया वाट कुठं हुती?"

या उत्तराने माझा ग्रुपवरचा मजकूर, शाखेतलं भाषण आणि कॅशमधल्या बाईंचे अश्रू अशी तिन्ही खाती एकदम बुडाली. मी गाडीवाट रुंद असती तर काय केलं असतं असं विचारणार होतो, पण धीर झाला नाही. त्यांनाही तो प्रश्न पडलेला दिसला नाही.

पाकीट पुढे केलं. मला वाटलं होतं ते "ऱ्हाऊ द्या" म्हणतील, आणि मग मी आग्रह करीन, आणि त्या आग्रहात माझं जरा काहीतरी परत वर येईल. त्यांनी पाकीट घेतलं, बोटाला थुंकी लावली, आणि चार नोटा माझ्यासमोर मोजल्या. चोवीस वर्षं मी 'काउंटर सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी' या पाटीखाली बसतोय. इतक्या नीट मोजणारा ग्राहक क्वचित भेटतो. पदक नातीने घेतलं, दाताने चावून पाहिलं आणि कालवडीच्या गळ्यात घातलं. कालवडीला ते खाता येईना म्हणून तिने मान झटकली. चहा झाला. घरच्या बागेतली अंजिरं पुढे आली. साखरेचं कारण सांगून मी दोनच घेतली, मग आणखी दोन घेतली.

निघताना ते सायकलीपाशी वाकले. "चेन बदलली न्हाई आजून? सांगितलं हुतं न्हवं, तोकडी झालीया म्हून."

"बदलतो."

"चला मग. तळं दावतो."

"आत्ता?"

"ऱ्हायलंय की तुमचं."

पुढे ते, मागे मी. फाट्यावर शेळ्या नव्हत्या, फितीही नव्हत्या. डावीकडचा चढ मी शर्यतीत सोडला होता तेवढाच उभा होता, कमी झालेला नव्हता. निम्म्यावर दम संपला तेव्हा मी पुढचं मोठं चाक तसंच ठेवून मागचा मोठा दात टाकायला गेलो, आणि पुढून मान न वळवता आवाज आला, "मोठं टाकू नगा." तळ्याच्या कडेला चिखल होता. माझं पुढचं चाक त्यात रुतलं, मी उतरलो, बूट रुतला, बूट काढायला वाकलो तेव्हा मोबाईल खिशातून पडता पडता राहिला. पलीकडच्या बांधावर दूधवाले पायजमा खोचून उभे होते, आणि मी येतो की नाही हे बघण्यापेक्षा त्यांचं लक्ष आभाळाकडे जास्त होतं; दूध घालायची वेळ होत आली होती.

फाट्यावर परत आलो तेव्हा मी मोबाईल पुसून अंतर पाहिलं. चार पूर्णांक दोन किलोमीटर. हवं होतं साडेचार. तीनशे मीटर अजून कमी. नवाने भाग घालून पाहिला. जात नाही.